आठ नावांपुढे एकच श्वास

मागणीपत्र मी लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात मॅनेजर नालायक होता, डॉक्टर मान वर करून बघत नव्हता आणि सरकारी खातं झोपलं होतं. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मी पुष्कळ ठिकाणी ओरडले आहे. पण चौथी मागणी माझ्या अक्षरात होती: 'प्रत्येक कामगाराच्या श्वासाची दर सहा महिन्यांनी डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे.' 'झालीच'खाली दोन रेघा.

नव्वदीची सुरुवात होती. मी तेवीस वर्षांची. नवीन पनवेलला आईवडिलांच्या दोन खोल्यांत राहत होते. वडील मुंबईच्या कचेरीत, आई शाळेत. मी कामगारांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका गटात शिरले होते. गट म्हणजे पाच माणसं, एक सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि यंत्रापेक्षा जास्त गरम झालेली डोकी. पत्रक कसं लिहायचं ते मला तिथे शिकवलं गेलं. वाक्य छोटं, शत्रू एक, मागणी स्पष्ट. मी ते पटकन शिकले.

उरण रस्त्यावरून आत, डोंगराच्या पोटाशी गारगोटी दळायची गिरण होती. लहानपणी एकमेकींवर घासून ठिणगी काढायचो तीच गारगोटी. ती ट्रकने यायची, फुटायची, दळली जायची आणि मैद्यासारखी होऊन गोणीत जायची. पुढे तिची काच व्हायची, भांडी घासायची पावडर व्हायची. मैदा नाकातोंडात गेला तर माणूस शिंकतो, खोकतो, मोकळा होतो. ही भुकटी छातीत उतरली की तिथेच राहते, आणि फुप्फुसाचं हळूहळू चामडं होतं. त्याच्यावर औषध नाही. डॉक्टर टीबीच्या गोळ्या देतात, कारण त्यांच्याकडे त्याच असतात.

गिरणीत धूळ ओढून घेणारा पंखा नव्हता, पाणी शिंपडायची सोय नव्हती. तोंडाला बांधायचं फडकं घरून आणायचं. पाळी संपवून बाहेर पडलेला माणूस पिठात बुडवून काढल्यासारखा दिसायचा. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. हातभर अंतरावरून कोण कुठला ते सांगता येत नसे. मला अजून त्याची भीती वाटते. चुन्याचं काम करून आलेला गवंडी एसटी स्टँडवर दिसला, पिठाच्या गिरणीवाला दुकानाच्या फळीवर बसलेला दिसला, की भर दुपारी माझे पाय थांबतात. वाटतं, हा आता मान वर करून विचारेल, ताय, माझं नाव कितव्या ओळीत?

सात मागण्या होत्या. पंखा नाकारला. पाणी नाकारलं. चौथी मात्र मॅनेजरने लगेच मान्य केली, वर हसून चहासुद्धा मागवला. मी तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. आम्ही पनवेलला येऊन भजी खाल्ली.

त्या मागणीत एक ओळ कमी होती. तपासणीत जो नापास होईल त्याला धुळीबाहेरचं काम द्यावं, ही ओळ. मला ती सुचली नाही. नापास झालेल्या माणसाचं काय करतात, असा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्या घरात नापास म्हणजे पुन्हा परीक्षा.

पहिल्या तपासणीला डॉक्टर एक प्लॅस्टिकची नळी घेऊन आला. नळीवर आकडे, आकड्यांवर सरकणारा लाल काटा. जोरात फुंकलं की काटा पुढे जातो. कामगारांनी तिचं नाव लगेच फुंकणी ठेवलं. "चला, चूल पेटवून या," असं म्हणत एकमेकांना ढकलत ते टाइम ऑफिसात जात होते. मी फाटकाबाहेर उभी राहून हसत होते. संध्याकाळपर्यंत चौघांना कामावरून कमी केलं. काटा पास-नापासच्या रेषेच्या अलीकडे राहिला, कामास अपात्र.

"तुमचीच मागणी, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "अंमलबजावणी आमची."

आम्ही निषेधाचं पत्र पाठवलं. दुसरं पाठवलं. मग दुसरी तपासणी आली आणि तीत एकही माणूस नापास झाला नाही. मला वाटलं, घाबरला मॅनेजर. पत्रकांचा परिणाम. खरंच मला असं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी मी गव्हाणला एका घरी गेले. घर गिरणीतल्या एका दळणवाल्याचं. चाळिशीचा माणूस, पण ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आला तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मी अवघडून उभी. त्याची बायको आतून चहा घेऊन आली, त्याच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, "बस गो पोरी. त्यांचा आसाच हाय. दम खातान."

"डॉक्टरने पास केलंय ना?" मी विचारलं.

"केला ना. पयला नंबर." ती म्हणाली.

कोपऱ्यात तिचा धाकटा भाऊ बसला होता. तो एकदम खो खो हसला. हाही गिरणीतच, गोण्या भरायच्या शेडमध्ये, पण नवा, वर्षभरापूर्वी लागलेला. एरवी तो खालू बाजात सनई वाजवायचा. आसपासच्या पाचदहा गावांतली लग्नं, हळदी, पालख्या त्याच्याशिवाय होत नसत. सनईवाला गाल फुगवून आत साठवलेली हवा सोडत राहतो आणि त्याच वेळी नाकाने नवी घेतो, सूर मध्ये तुटत नाही. देवळापासून खाडीच्या धक्क्यापर्यंत तो एका सुरात पालखी नेतो, असं गावात सांगायचे.

"कनाला हसतंस रं?" बहीण ओरडली.

"काय नाय बाय. भावजींचा पयला नंबर आयकून हसलू."

मीही हसले. काही कळलं नव्हतं तरी हसले.

आता सांगितलं तर सोपं वाटतं. तपासणी पाळीच्या मधेच व्हायची. तोंड धुवायला वेळ मिळत नसे, कारण धुवायला गेलेला माणूस पाव तास वाया घालवतो असं सुपरवायझरचं म्हणणं. डॉक्टर वहीत डोकं घालून नाव पुकारायचा. समोर एक पांढरा चेहरा यायचा, फुंकायचा, डॉक्टर आकडा लिहायचा, "पुढचा". सनईवाला आपल्या नावावर एकदा जायचा. मग शेडच्या मागून फिरून, दुसरं फडकं डोक्याला गुंडाळून, पुन्हा जायचा. ठरलं होतं ते फक्त भावजींसाठी; पहिल्या तपासणीत तो रेषेला जेमतेम टेकून सुटला होता. बहिणीने गळ घातली होती. जमीन नव्या शहरासाठी गेली होती, मिठागर बंद पडलं होतं, दोन मुली शाळेत, आणि गिरण सुटली तर दुसरीकडे त्या छातीला कोण उभं करणार? मग शेजारचा आला, म्हणाला माझ्यासाठी पण फुंक. मग आणखी एक. दुसऱ्या तपासणीच्या आतच स्वतःला धरून आठ नावं झाली. ज्या धुळीने त्यांची छाती खाल्ली तिनेच त्यांचे चेहरे झाकले. मॅनेजरला कळलं नाही, डॉक्टरला कळलं नाही, आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्या मलाही कळलं नाही. मला सांगावं असं कुणाला वाटलं नाही. मी पत्रकवाली. माझ्या हातात गेलेली गोष्ट छापली जाते.

दीड वर्ष असंच गेलं. मग टाइम ऑफिसातला एक भला कारकून मला म्हणाला, तपासणीची वही उतरवून घ्या, पण माझं नाव नको. मी दोन दुपारी बसून उतरवली. घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. पहिल्या तपासणीचे आकडे नव्हतेच, फक्त पास-नापास; पुढे बाकीच्यांचे आकडे वरखाली, कसेही. पण आठ नावांचे आकडे हातात हात घालून चालले होते. दुसऱ्या तपासणीला आठही जण रेषेच्या खूप वर, जवळजवळ सारखे. पुढच्या खेपेला आठही थोडे खाली, तितकेच. त्यापुढच्या खेपेला आणखी खाली. आठ माणसं एकाच जिन्यावरून एकेक पायरी उतरत होती, आणि शेवटच्या तपासणीला रेषा अगदी पायांशी आली होती.

मला वाटलं, सापडला. पुरावा सापडला! मॅनेजर म्हणायचा की खोकला विडीचा आहे, टीबी आहे, घराण्याचा आहे. आठ वेगवेगळ्या घरांतली माणसं, दोघं विडीला हात न लावणारी, आणि सगळ्यांचा श्वास एकसारखा घटतो, तर धूळ सोडून कारण काय असणार? आई म्हणाली, "इतके सारखे कसे गं?" ती गणित शिकवायची. मी म्हणाले, "कारण धूळ सगळ्यांना सारखी लागते." तिने पुन्हा कागदाकडे बघितलं, पण काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्यावर मी फार विचार केला आहे. नंतर.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. वाक्य छोटं, शत्रू एक, मागणी स्पष्ट. आठही नावं छापायची की नाही यावर गटात वाद झाला. एकजण म्हणाला, नावं नकोत, त्रास होईल. मी म्हणाले, नावाशिवाय आकडा खोटा वाटतो. नावं छापली. नावापुढे आकडे, खाली ठळक अक्षरात: 'हा श्वास कोणी चोरला?'

सकाळच्या पाळीला मी फाटकावर वाटत होते. माणसं स्वच्छ चेहऱ्यांची, डबा हातात, पत्रक घेऊन घडी घालून खिशात टाकत होती. सनईवाल्याला वाचता येत होतं. त्याने तिथेच उभ्याने वाचलं. आधी ओठ हलत होते, मग थांबले. तो रांगेतून बाहेर आला, मला कोपराला धरून समोरच्या चहाच्या टपरीमागे घेऊन गेला. कोणी मला असं धरलेलं नव्हतं.

"ताय, किती वाटलंस?"

"अर्धी झाली. का?"

"पयल्या खेपेनंतर ह्या आठांत सात जणांनी नळीला तोंडच लावलेला नाय."

मी हातातलं पत्रक पुन्हा बघितलं.

"ह्यो सगला माजा दम हाय," तो म्हणाला. पत्रकावर बोट ठेवून एकेका नावावरून खाली आला. "ह्यो मी. ह्यो मी. ह्यो भावजींचा, पण मीच. ह्यो पन मीच."

मला राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण पहिल्यांदा रागच आला, की यांनी मला फसवलं, माझा पुरावा खोटा केला. मी म्हणाले, "असं कसं केलंत तुम्ही? तपासणी तुमच्या भल्यासाठी होती!"

"भल्यासाठी?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पयल्या खेपेला चौघं घरी बसली ती पन भल्यासाठीच ना?"

मग तो पुन्हा कागदाकडे बघायला लागला, आणि मला वाटलं नावं बघतोय. तो आकडे बघत होता. एका ओळीवर बोट डावीकडून उजवीकडे नेलं. दुसऱ्या ओळीवर नेलं. मग म्हणाला, "येवढा उतरला?"

वही त्याने कधी पाहिली नव्हती. डॉक्टर आकडा लिहायचा, सांगायचा नाही. पास की नापास, एवढंच. आपण अजून पहिल्यासारखेच फुंकतो असं तो समजत होता. सनई वाजवताना मध्ये सूर तुटायला लागला होता म्हणे, पण त्याने सनईच्या तोंडाशी असते त्या पत्तीला दोष दिला, नवी पत्ती आणली. आपल्या छातीचा हिशेब त्याला माझ्या पत्रकाने दिला, आठ वेळा लिहून.

"ताय, आता हे कागद लोकांकडून परत मागून घे," तो म्हणाला. अर्धे कागद माझ्या हातात होते. बाकीचे अर्धे फाटकाच्या आत गेले होते, आणि त्यातला एक मॅनेजरच्या टेबलावर.

मॅनेजरला माझ्या आईएवढंच गणित येत होतं. आठ आकडे सारखे बघून त्याने माझ्यासारखा निष्कर्ष काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाच्या आतल्या नळापाशी एक बादली, साबण आणि पंचा ठेवला होता. त्या गिरणीत साबण मी पहिल्यांदाच पाहिला. पत्रकातल्या आठांना एकेक करून तोंड धुवायला लावलं, ओळखपत्रावरच्या फोटोशी चेहरा जुळवला आणि मग नळी दिली. मी फाटकाच्या गजांना धरून बाहेर उभी होते. पीठ धुतलं जायचं आणि खालून माणूस निघायचा. कोणी वाटलं होतं त्याहून म्हातारा, कोणाचे गाल आत गेलेले, कोणाचे ओठ निळसर. दोन वर्षं मी या लोकांसाठी लढत होते आणि यांतले चार चेहरे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

भावजींची पाळी आली. त्याने फुंकलं. डॉक्टर म्हणाला, "फुंका ना!" तो म्हणाला, "फुंकला." काटा हलला होता की नाही तेही लांबून कळलं नाही.

सनईवाला शेवटी होता. त्याने तोंड धुतलं, पंचा नीट घडी करून ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं. आपल्या एकट्याच्या नावावर, एकदाच फुंकायचं होतं. तोही रेषेच्या अलीकडेच राहिला. गोण्या भरायच्या शेडमध्ये त्याला अडीच वर्षंच झाली होती. तिथली धूळ सगळ्यांत बारीक, हे आम्हाला नंतर कळलं.

आठही जणांना त्याच दिवशी काढलं. कारण: फसवणूक. आजार नाही, फसवणूक.

त्यानंतरच्या महिन्यांत मी पत्रकं लिहिली नाहीत. लिहायला बसले की नावं यायची. आम्ही कारखाना निरीक्षकाकडे तक्रार केली. भावजींची छाती गिरणीत गेली हे कागदावर यावं, एवढंच उरलं होतं. पण मालकाच्या वकिलाने तीच वही पुढे केली. ही बघा, दीड वर्ष हा माणूस उत्तम होता. मग आमच्याकडे धुळीने आजारी पडला कधी? ती वही खोटी आहे असं सांगायचं तर ती कोणी खोटी केली तेही सांगायला लागणार होतं.

"मी लिवून देतू," सनईवाला म्हणाला.

त्याचा जबाब घेतला तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. अधिकारी वयस्क, बरा माणूस, पंख्याखाली कागद उडू नये म्हणून कोपर ठेवून बसलेला. सनईवाला सांगत होता आणि मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत होता. मी त्याच्या बाजूला. बहीण मागे उभी. भावजी बाहेरच्या बाकावर, कारण आत यायला आणखी एक जिना होता.

मध्येच बहीण पुढे आली. "सायेब, त्याच्यान लिवा, की त्याला मी सांगितला. त्याची चूक नाय. माजी हाय."

"बाय, गप," भाऊ म्हणाला.

"गप कनाला? मीच पाया परली तुज्या."

अधिकाऱ्याने तेही लिहिलं. मग मी म्हणाले, मलाही काही लिहायचं आहे. एक परिच्छेद मी घरून लिहून आणला होता. मागणी मी केली, अपात्र ठरणाऱ्याचं काय होईल ते लिहिलं नाही, न विचारता नावं छापली, त्यामुळे हे उघडकीला आलं. अधिकाऱ्याने वाचला, चष्मा काढला, परत घातला, आणि त्यावर एक तिरकी रेघ ओढून बाजूला लिहिलं: अप्रस्तुत.

"तुमच्यावर तक्रार कोणाची आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

शेवटी त्याने आपला शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. वहीतील नोंदी विश्वासार्ह नसल्याने सदर कामगाराचा आजार कारखान्यातील धुळीमुळे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आमच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. तोपर्यंत त्या कचेरीतून एवढंही कोणाला मिळालं नव्हतं. मी बहिणीला समजावून सांगितलं.

"शक्यता म्हंजे?"

"म्हणजे धुळीने झालं असेल, असं."

"असंल?" ती अधिकाऱ्याकडे वळली. "सायेब, तो भायेर खोकतोय तो काय शक्यता खोकतोय?"

अधिकाऱ्याने शेऱ्याखाली सही करून शिक्का मारला. बाहेरून खोकला ऐकू येतच होता.

आम्ही जिना उतरायला लागलो. सनईवाला पुढे, कठड्याला धरून. बहिणीने मला विचारलं, "तुजा कागद त्याने खोडला, त्याच्यान काय लिवलेला?" मी वाचून दाखवला. पायरीवर उभं राहून, सगळा. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, मला त्या हव्याच होत्या.

"खोडायला नको होता," ती म्हणाली.

खाली भावजी बाकावरून उठायचा प्रयत्न करत होता. तिसऱ्या खेपेला उठला. एका बाजूने बहिणीने धरलं, दुसऱ्या बाजूने भावाने, आणि त्या दोन पुरुषांतला कोण कोणाला धरून होता ते मागून कळत नव्हतं. पुरावा म्हणून आणलेली दोघांच्या एक्स-रेची मोठी पाकिटं माझ्या हातात होती. मी ती छातीशी धरून त्यांच्या मागून एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. ते जेवढे हळू चालत होते, तेवढंच हळू.